आवडत्या पुस्तकांची यादी करताना आम्हालाही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वर्षअखेरीला ते एक पान असतं ना, या वर्षी आवडलेली पुस्तकं, त्यात लेखक, नट, एखादे डॉक्टर, एखादे मोठे साहेब असे सगळे आपापली चारपाच नावं सांगतात. मी ते पान दरवर्षी कापून आमच्या नोटीस बोर्डावर लावते, खोटं नाही सांगत. पण यंदा त्याच पानाच्या शेजारी एक लेख होता की मराठी कादंबरी आता कुणी वाचत नाही, लोक मोबाईलवर गेले, कादंबरीकार एकमेकांसाठीच लिहितात वगैरे. तो वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पुस्तकांची नावं तेवढी कापू नका.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, एकोणीस वर्षं झाली. वाचनालय सरकारी दर्जात ब वर्ग. ग्रंथपाल हे नाव मोठं, प्रत्यक्षात सकाळी कुलूप मीच काढते, पेपर मीच लावते, देवघेव मीच बघते, आणि वर्गणी थकली की फोन पण मीच करते. तर सांगायचं हे की कोण काय वाचतंय ते समीक्षकाच्या आधी मला कळतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर शिक्के किती आणि किती दाटीनं पडलेत ते बघायचं. आमच्याकडं कॉम्प्युटर आलाय, सॉफ्टवेअर पण आहे, तरी ती चिठ्ठी मी बंद केली नाही. वाचणारे पण आधी चिठ्ठीच बघतात, मग पाठीमागचा मजकूर. कोरी चिठ्ठी असलं पुस्तक उचलायला माणूस जरा कचरतो, हॉटेलात गर्दी बघून शिरतो तसंच आहे ते.

आता चिठ्ठी भरलेल्या कादंबऱ्या. पहिली 'उसवण', देविदास सौदागर यांची. लेखक आमच्या शेजारच्या तुळजापूरचे, स्वतः शिलाईकाम केलेले, २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या कादंबरीला मिळाला. रेडिमेड कपडे आल्यावर टेलर माणसाचं काय झालं त्याची गोष्ट. बातमी आली त्या आठवड्यात चार जणांनी मागितली आणि आमच्याकडं एकही कॉपी नव्हती, ते पुढं सांगते. वाचनालयासमोर मेन रोडला एक टेलर आहेत, माझ्या लग्नातले ब्लाऊज त्यांनीच शिवलेले. तेव्हा दुकानात चार मशिनी आणि तीन कारागीर होते, आता एक मशीन, पिको-फॉल आणि अल्टर. ते मेंबर नव्हते. मीच पुस्तक नेऊन दिलं, म्हटलं मामा हे बघा तुमच्यावर आलंय. ते म्हणाले माझ्यावर कशाला कोण लिहितंय, ठेवा तिथं कातरीशेजारी. पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले, मी पण मागितलं नाही. एक दिवस दुपारी स्वतः जिना चढून आले. पुस्तकाची मधली पानं डिंकातून सुटली होती, आजकाल नुसता डिंक लावून सोडतात, तर त्यांनी जाड सुईनं, मेण लावलेल्या काळ्या दोऱ्यानं पुस्तक बाजूनं शिवून आणलं होतं. सात टाके, एकसारखे, आणि शेवटची गाठ आत दडवलेली. म्हणाले नाव उसवण आणि पुस्तकच उसवायला लागलं, बरं दिसतं का ते. कादंबरीबद्दल विचारलं तर एवढंच म्हणाले की या लेखकाला माप घेता येतंय. आता ते मेंबर आहेत, तीन महिन्यांची वर्गणी आगाऊ. ती कॉपी मी बाइंडिंगला कधीच टाकणार नाही.

दुसरी 'रिंगाण', कृष्णात खोत यांची, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. धरणात गाव गेलं, माणसं उठून दुसरीकडं वसली, आणि मागं राहिलेली म्हैस आणायला एक माणूस त्या उठलेल्या गावाकडं परत जातो, तर म्हैस आता म्हैस राहिलेली नाही, रानटी झालीय. बस एवढंच कथानक म्हणा. पण आमच्या जिल्ह्याला धरण काय आहे ते वेगळं सांगायला नको, उजनीत किती गावं गेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि पुण्या-मुंबईचे लोक फोटो काढायला येतात, आणि तेच बघायला आमच्यातले म्हातारे जातात तेव्हा ते फोटो नाही काढत, ते फक्त हात करून सांगतात की इथं विहीर होती, इथं अमक्याचा गोठा. असे एक काका आमच्याकडं येतात, पेपर वाचायला, कादंबरी कधी नाही. त्यांनी 'रिंगाण' नेली आणि तीनदा रिन्यू केली. परत आली तेव्हा समासात पेन्सिलीनं ठिकठिकाणी लिहिलेलं, बरोबर. बरोबर. एका ठिकाणी, आमच्याकडं असं नव्हतं. आणि एका पानावर नुसत्या शेतांची नावं, सहा-सात, एकाखाली एक. नियमाप्रमाणं पुस्तकात लिहिलं तर दंड आहे आणि मी खोडरबर घेऊन बसले पण होते. नाही खोडलं. नंतर ज्यांनी ज्यांनी ती कॉपी नेली ते विचारतात ही नावं कुणाची, मी म्हणते पुस्तकातलीच समजा.

मनोज बोरगावकरांची 'नदीष्ट' पण आमच्याकडं खूप फिरलीय. नांदेडची गोदावरी, रोज पोहायला जाणारा माणूस आणि नदीकाठी त्याला भेटणारी कडेकडेची माणसं, तृतीयपंथी आहेत, फाटके लोक आहेत. मला भीती होती की आमच्या दुपारच्या बायकांना हे झेपेल का, आमच्याकडं दुपारी दोन ते चार बायकांची गर्दी असते, शाळेच्या बाई, नर्सबाई, रिटायर झालेल्या. माझीच चूक. त्यांच्यातल्या एकीनं वाचून दुसरीला, दुसरीनं तिसरीला, अशी ती कादंबरी काउंटरला न येताच चार घरं फिरली, रजिस्टरमध्ये एकाच बाईंच्या नावावर दीड महिना दिसतेय. मी ओरडले त्यांना. मनातून बरं वाटलं.

सगळंच गोड आहे असं नाही हां. प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या', २०२२ ची अकादमीवाली, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणाऱ्याच्या तोंडून आजच्या काळाबद्दल बोलणारी, ती मला पहिल्यांदा तिसाव्या पानाच्या पुढं गेली नाही. मेंबरांनी पण तशीच परत आणली. दुसऱ्यांदा मी ती मोठ्यानं वाचली, रात्री, घरी, सासूबाईंना ऐकू जाईल अशी, आणि मग ती उलगडत गेली, कारण ती ऐकायचीच कादंबरी आहे असं माझं मत झालंय. सासूबाई दशावतार बघितलेल्या कोकणातल्या, त्या मधेमधे हसायच्या तिथं मला हसू का येत नव्हतं ते कळायला लागलं. पण मेंबरला कसं सांगणार की मोठ्यानं वाचा. आणि रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' ही तर आठशेच्या घरातली पानं, एका कुळाची कित्येक शतकांची गोष्ट, पुस्तक चांगलंच आहे पण मी मधे एका ठिकाणी अडकले ते अडकलेच, आणि हातात धरून पालथं पडून वाचायची सोय नाही, मनगट दुखतं. ज्यांनी पूर्ण वाचली ते मात्र काउंटरला उभं राहून अर्धा तास बोलतात. असे आमच्या गावात सहा जण आहेत. शिक्के मोजलेत मी.

नंदा खरे यांची 'उद्या' हल्ली पुन्हा निघायला लागलीय. २०२० चा अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला, तेव्हा लोकांनी कुतूहलानं नेली होती आणि पाचव्या दिवशी परत. आता एआय, डेटा, पाळत हे शब्द घराघरात आले तर तीच पोरं येऊन म्हणतात मॅडम हे यांनी आधीच लिहून ठेवलं होतं का. खरे २०२२ मध्ये गेले. त्यांना हे सांगायला पाहिजे होतं कुणीतरी.

पोरं म्हणजे कोण ते सांगते. आमच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी. पन्नास खुर्च्या, एक मोकळी नसते. ही पोरं कादंबरी वाचत नाहीत असं मी पण म्हणायचे. मग एकानं प्रणव सखदेव यांची 'काळेकरडे स्ट्रोक्स' नेली, तिला २०२१ चा युवा पुरस्कार आहे, आणि मग नवनाथ गोरे यांची 'फेसाटी'. 'फेसाटी' वाचून तो खाली आला आणि म्हणाला मॅडम हे जतचे आहेत ना, मी म्हटलं हो. तो म्हणाला पुरस्कार मिळालेला माणूस लॉकडाऊनमध्ये मजुरीला गेला होता ना. मी म्हटलं हो, बातमी आली होती. मग तो बराच वेळ उभाच राहिला. मी त्याला काय सांगणार, पुस्तकावर शिक्का मारला आणि दिलं. यंदा तोच पोरगा प्रदीप कोकरे यांची 'खोल खोल दुष्काळ डोळे' मागतोय, २०२५ चा युवा पुरस्कार, आणि ती आमच्याकडं अजून आलेली नाही. रोज विचारतो. प्रीलिमचा निकाल विचारतात तसा.

बरं एक गंमत पण सांगते. २०२४ मध्ये 'तुंबाड' सिनेमा परत थिएटरला लागला तेव्हा अभ्यासिकेतली तीन पोरं एकदम आली, मॅडम तुंबाडचं पुस्तक आहे का, मी पण आनंदानं श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड काढून दिले, केवढे जाडजूड. चार दिवसांनी एकजण येऊन म्हणाला यात तो सिनेमातला राक्षस, हस्तर, कधी येतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सिनेमाचा धागा नारायण धारपांच्या कथेशी आहे, पेंडश्यांशी नाही. दोघांनी परत दिलं आणि धारप घेऊन गेले, पण तिसऱ्यानं खोत पूर्ण वाचले, दोन्ही खंड. आता तो हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल' वाचतोय. सांगायचं काय, माणूस कुठल्या दारानं आत येईल सांगता येत नाही, दार उघडं पाहिजे.

आता ते 'उसवण'चं. नवी कादंबरी आमच्यापर्यंत पोचायला उशीर का होतो? अनुदानाचा हप्ता येतो तेव्हा येतो, त्यातून पगार, वीज, पेपरबिल जाऊन जे उरतं त्यात पुस्तकं. आणि हप्ता आला रे आला की सप्लायर दारात. मोठी बॅग, मोठी यादी, मॅडम साठ टक्के सत्तर टक्के कमिशन. कुठला ते नाव लिहीत नाही, एकच नाही तसला. मागं कमिटीनं त्याच्याकडून एक लॉट घेतला, दीडशे पुस्तकं. मी खोके फोडले तर एकाच लेखकाची नऊ पुस्तकं, ज्याचं नाव मी जन्मात ऐकलेलं नाही, किंमत चारशे रुपये छापलेली आणि आतली अक्षरं एवढी मोठी की एका पानावर सोळा ओळी. दाखल रजिस्टरला दीडशे आकडे चढले, इन्स्पेक्शनला पुस्तकसंख्या भरली, सगळे खूश. त्यातल्या किती पुस्तकांच्या चिठ्ठ्या आजपण कोऱ्या आहेत ते तुम्ही येऊन बघा. मी गेल्या महिन्यात बघितल्या, एकशे सदतीस. आणि चांगला प्रकाशक बिचारा पंचवीस-तीस टक्क्यांच्या वर देऊ शकत नाही तर कमिटी म्हणते तो महाग आहे. मी भांडले, आता दरवर्षी थोडी रक्कम माझ्या यादीसाठी वेगळी काढतात, त्यातनं ही वर लिहिलेली सगळी पुस्तकं आलीत. 'उसवण'ची पहिली कॉपी मात्र मी माझ्या पैशानं ग्रंथोत्सवात घेतली, नंतर बिल लावलं.

आता मी कशाची वाट बघतेय ते.

एक, भालचंद्र नेमाडे सर. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' २०१० ला आली, तेव्हा सांगितलं होतं की हा पहिला भाग, पुढं आणखी आहेत. मी तेव्हा नोकरीत नवीन, पुढच्या भागांसाठी मागणी रजिस्टरमध्ये अकरा नावं लिहिली होती. मधे २०१४ चं ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा आणखी पाच. रजिस्टर बदललं की मी ती नावं नव्यात उतरवते. त्यातले दोघं आता हयात नाहीत आणि एक मुलाकडं अमेरिकेत असतात, ते व्हॉट्सॲपवर 'हिंदू'च्या नायकाचं नाव घेऊन विचारतात, खंडेराव आला का. मी सांगते, नाही सर, अजून तिकडंच आहे.

विश्वास पाटलांचं तसं नाही, त्यांच्या शिवचरित्रावरच्या 'महासम्राट' मालिकेचा भाग आला की आधी बुकिंग असतं. आमच्याकडं ऐतिहासिक कादंबरीला मरण नाही. त्यावर मी फार बोलत नाही, लोक नेतात, मी देते. साताऱ्याच्या ९९ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते झाले त्या दिवशी 'पानिपत' तिघांनी मागितलं, चाळीस वर्षं होत आली त्या पुस्तकाला.

सौदागरांच्या पुढच्या कादंबरीची मी वाट बघते आणि मला जरा काळजी पण वाटते. पहिल्या पुस्तकात माणूस स्वतःचं सगळं ओतून मोकळा होतो, दुसरं अवघड. आमचे टेलरमामा म्हणाले, पहिला शर्ट गिऱ्हाईक नवा टेलर म्हणून समजून घेतंय, दुसऱ्याला नाही घेत.

बायकांनी लिहिलेल्या नव्या कादंबऱ्यांची तर फारच वाट बघते. दुपारचा ग्रुप आशा बगेंची 'भूमी' आणि कविता महाजनांची 'ब्र' इतक्यांदा नेऊन झालाय की पुठ्ठे बदलले. कविताताई २०१८ ला गेल्या, तेव्हा त्या दुपारी कुणी पुस्तक नेलं नाही, नुसत्या बसल्या होत्या. तुमच्या त्या यादीत यंदा कादंबरीकार म्हणून एकही बाई नव्हती, मी मोजलंय. लिहीत नाहीत का तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, ते तुम्ही शोधा.

आमच्या भागात घरात कानडी बोलणारे आणि मराठी वाचणारे भरपूर. त्यामुळं कन्नड कादंबरीकार भैरप्पा म्हणजे आमच्याकडं मराठीच लेखक, अनुवाद करणाऱ्या उमा कुलकर्णींच्या कृपेनं. उमाताईंना कन्नड वाचता येत नव्हतं, नवरा विरुपाक्ष मोठ्यानं वाचायचे, टेप करायचे, आणि या ऐकून मराठीत उतरवायच्या, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. भैरप्पा २०२५ च्या सप्टेंबरात गेले तर आठवड्यात त्यांचं कपाट रिकामं झालं. कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या कथासंग्रहाला त्याच वर्षी इंटरनॅशनल बुकर मिळालं तेव्हापासून एक बाई विचारतायत, मूळ कथा त्यांनी लहानपणी शेजारणीकडून ऐकल्यासारख्या वाटतात म्हणे, मराठीत द्या. ते पुस्तक आमच्या कपाटात अजून नाही, माझ्या यादीत पहिलं आहे.

आणि एक अशी कादंबरी जी अजून कुणी लिहिलेली नसेल. त्याच सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. आमच्या मेंबरांपैकी कित्येकांच्या घरात पाणी. वाचनालयाची एकवीस पुस्तकं भिजून परत आली, लोकांनी लाजत लाजत आणून दिली, दंड किती म्हणून विचारत. दंड काय घेणार. मी ती गच्चीत उन्हात पानं उलटत उलटत वाळवली, मधे जुने पेपर घालून, तुमचाच पेपर होता. फुगलीत पण वाचता येतात. या पुरावर कुणीतरी लिहील, लगेच नाही, पाच-सात वर्षांनी, आणि बहुतेक आज वरच्या अभ्यासिकेत बसलेल्यांपैकीच कुणीतरी. दिवाळी अंकात आधी कथा येईल, मग कादंबरी, असंच होतं सहसा. मी अजून अकरा वर्षं नोकरीत आहे.

तर साहेब, पुढच्या डिसेंबरला ते पान कराल तेव्हा दोन-तीन ग्रंथपालांना फोन करा, गडचिरोलीच्या, सावंतवाडीच्या, कुठल्याही. पाच नावं विचारा आणि चिठ्ठीवरचे शिक्के विचारा. मोबाईल नंबर वाचनालयाच्या पाटीवर असतो.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल, जि. सोलापूर

ता. क. तुमचा पेपर आमच्या गावात सगळे वाचतात म्हणून इथंच लिहिते. 'सातपाटील कुलवृत्तांत' ज्यांच्याकडं ऑगस्टपासून आहे त्यांनी परत करावी. वाचून झाली नसेल तरी चालेल, सातवा माणूस थांबलाय.